एका गंजातले जेवण आणि आठ तासांचा दिवस



वसंत ऋतूत संध्याकाळी माणसांनी एकत्र जमावे, कोणी तरी अभ्यासलेला विषय मांडावा आणि इतरांनी तो ऐकून घरी जाताना त्यावर वाद घालावा, ही चाल महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. तेथे विद्वानांनी विद्वानांसमोर बोलावयाचे असे. आमच्या हुडकेश्वरात ती चाल आली, ती फार उशिरा. काल-परवापर्यंत ग्रामपंचायतीत असलेले आणि आता नागपूरच्या पोटात गेलेले हे गाव. येथे पहाटे बुटीबोरीच्या कारखान्यांकडे जाणारी माणसे राहतात आणि रात्री थकून परत येतात. अशा वस्तीत व्याख्यान देण्याचा मान माझ्यासारख्या नववीत शाळा सोडलेल्या कामगार कार्यकर्त्याला मिळाला, त्याबद्दल आपला ऋणी आहे.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "एका गंजातले जेवण." त्यांना वाटले, मी थट्टा करीत आहे. संघटनेच्या माणसाने संप, बोनस, कंत्राटी पद्धत ह्यांवर बोलावे. भाजी-मटणावर त्याने काय बोलावे? पण गेली तीस वर्षे मी जे करीत आलो ते सारे ह्या एका गंजाभोवती फिरत होते, हे मला अलीकडे कळले. कामगाराचा दिवस किती तासांचा, ह्या प्रश्नाचे खरे उत्तर कारखान्याच्या फाटकावर मिळत नाही. ते संध्याकाळी चुलीपाशी मिळते. ते उत्तर आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

प्रथम हे जेवण कोणते ते सांगतो. आपल्याकडे गंज म्हणजे काय हे नागपूरकरांना सांगावयास नको. पुण्या-मुंबईचे पाहुणे असतील तर त्यांनी पातेले समजावे. त्या एकाच गंजात थोडे मटण, त्यात हंगामाची भाजी, आणि परिस्थिती असेल त्याप्रमाणे तांदूळ किंवा ज्वारीच्या कण्या. दुसरे भांडे नाही, दुसरी भाजी नाही. फाल्गुन लागला की आपल्या बाजारात मुनग्याच्या शेंगांचे भारे दिसू लागतात. ओला वाटाणा आणि हरभऱ्याचे सोले संपत आलेले असतात, पण अजून मिळतात. वांगी कोवळी असतात, कांद्याची पात असते, मेथीची शेवटची जुडी असते. त्यातच होळी येते, आणि धुळवडीच्या दिवशी नागपुरात मटणाच्या दुकानासमोर किती लांब रांग लागते हे आपण दरवर्षी पाहतो. मांस आणि वसंतातील भाजी ह्यांची गाठ आपल्याकडे ऋतूनेच घालून दिली आहे.

सरपणाचाही ह्यात वाटा होता. माघ-फाल्गुनात कापूस वेचून संपतो, तूर कापली जाते, आणि शेतातून पऱ्हाट्या व तुराट्या घरी येतात. गरिबाला वर्षातून एवढे एकच वेळी फुकट जळण मिळे. पण पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. तिच्यावर कांदा परतता येतो, मटण शिजत नाही. मटणाला बाभळीचा निखारा पाहिजे. म्हणून जाणती बाई फोडणी पऱ्हाटीवर करी, मग बाभळीचे एक लाकूड आत सारून गंज चुलीच्या मुख्य तोंडावरून वैलावर सरकवी, आणि मोकळ्या झालेल्या तोंडावर भाकरीचा तवा ठेवी. गंजावर ताट झाकी आणि ताटात पाणी ओती. त्यामुळे वाफ आतच राही, आणि ताटातले पाणी तापले की तेच रश्शात घालता येई. आग एक, तोंडे दोन, हात दोन. ह्या हिशेबातून एका गंजाचे जेवण जन्माला आले. त्याला सोय म्हणा, पण ती सोय टंचाईने शिकविलेली आहे.

हे जेवण फार प्राचीन आहे असे मात्र कोणी समजू नये. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचविला. त्यात अन्नाचे मोठे प्रकरण आहे आणि मांस शिजविण्याच्या अनेक कृती आहेत. पण त्यांत लाल मिरची नाही, आलू नाही, टमाटर नाही. कारण ही तिन्ही अमेरिकेची लेकरे. पोर्तुगीजांची जहाजे १४९८ नंतर आपल्या किनाऱ्याला लागू लागली, तेव्हा कुठे ती इकडे यावयास लागली. त्याआधी तिखटपणा मिऱ्यांचा आणि पिंपळीचा. आज भिवापूरच्या मिरचीचा आपण अभिमान धरतो, तिला भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे. पण तीही एके काळची परदेशची पाहुणीच. परंपरा म्हणून आपण ज्याला कवटाळतो त्यात परदेशचा हात किती असतो, हे स्वयंपाकघराइतके दुसरीकडे कोठे स्पष्ट दिसत नाही.

आता गिरणीकडे वळू. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे वळली. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस. कापूस दाराशी, कोळसा वरोऱ्याचा, आणि हात कोणाचे? कोष्टी, महार, कुणबी, तेली. ज्यांचे माग बसले होते आणि ज्यांच्या शेतीत पोट भरत नव्हते, त्या सर्वांचे.

शेतावरचा माणूस सूर्याकडे पाहून घरी येतो. गिरणीचा माणूस भोंग्याकडे कान देऊन येतो. हा फरक लहान वाटतो, पण जेवणाचा सारा क्रम त्याने बदलला. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि प्रौढांच्या तासांबद्दल काहीच म्हटले नाही. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास काम करावे, ही त्या काळची सुधारणा होती! १८९१ साली बायकांचे तास अकरा झाले. प्रौढ पुरुषांना कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ साली, कारण दरम्यान विजेचे दिवे आले होते आणि मालकांना सूर्य मावळण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नव्हते.

ह्या लढ्यात ज्यांचे नाव प्रथम घ्यावयाचे ते नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे ते सहकारी. १८८४ साली मुंबईत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, पगार ठरल्या वेळी व्हावा, कामावर दुखापत झाली तर भरपाई मिळावी. आज ह्या मागण्या वाचताना वाटते, ह्याही मागाव्या लागल्या? सहा वर्षे झगडल्यावर, १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली; पुढच्याच वर्षीच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

मित्रहो, रविवारी मटण खाण्याची आपली जी चाल आहे, तिचा आणि ह्या सुट्टीचा संबंध आपण कधी जोडतो का? आमचे देव रविवारचे आहेत म्हणून आपण रविवारी मटण खातो असे नाही. मटण शिजावयास दीड तास लागतो, आणि तो दीड तास कामगाराच्या घरात आठवड्यातून एकदाच होता. रविवारच्या मटणामागे लोखंड्यांची सहा वर्षांची खटपट आहे. माझ्या माहितीत तरी, रश्शाचा पहिला घास घेताना कोणी त्यांचे नाव घेत नाही.

आता रविवारखेरीज इतर दिवसांचे बोलू, कारण माझा विषय तोच आहे. माझे वडील नागपुरातल्या एका गिरणीत होते. घरात आम्ही सात माणसे. पगार झाला की त्या आठवड्यात एखाद्या आडवारी पाव किलो मटण येई. सात माणसांना पाव किलो! त्यात माय चार-पाच मुनग्याच्या शेंगा, दोन आलू, ओंजळभर वाटाणे आणि वांगी घाली. मुनगा मटणाला वास देतो म्हणून घालतात असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. वस्तुतः तो गंज भरावा म्हणून घातलेला असे. वसंतातील भाजी ही मांसाची सोबतीण नव्हती. मांस कमी पडते ते झाकणारी होती.

वाढताना पळी मायच्या हाती असे. बाबांच्या ताटात चार बोट्या, आम्हा दोघा भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक, आजीला एक मऊ पाहून. मायच्या ताटात रस्सा आणि मुनगा. तिला मुनगा आवडतो अशी आमची समजूत होती, आणि आम्ही आमच्या ताटातल्या शेंगा मोठ्या उदारपणे तिला देत असू. लग्नानंतर एकदा मी हे कौतुकाने बायकोला सांगितले. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "अहो, त्यांना विचारलं होतं का कधी?" विचारले नव्हते. पुढे विचारावयास माय राहिली नव्हती.

दुसरी पाळी असली की बाबा मध्यरात्र उलटल्यावर येत. माय चुलीत निखारा राखून ठेवी आणि गंज त्यावर ठेवून भिंतीला टेकून बसे. कधी गिरणीत काही अडून उशीर होई, रस्सा आटून जाई. एकदा मी म्हटले, भोंगा झाला की मग चूल पेटवीत जा. ती म्हणाली, "भोंग्याले का समजते बाबू, गंज शिजला का नाही ते?" हे वाक्य मी विसरलेलो नाही. गिरणीला गंजाची वेळ समजत नव्हती; गंजाला मात्र गिरणीची वेळ सांभाळावी लागे. आणि ती सांभाळणारीचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते.

येथे गिरणीत काम करणाऱ्या बायकांचाही उल्लेख केला पाहिजे. नागपूरच्या गिरण्यांत बायका पहिल्यापासून होत्या, आणि त्यांच्या पुढारी म्हणून राधाबाई कांबळे यांचे नाव कामगार चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. मध्य प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९३० साली झाला, तो अशा बायकांमुळे. त्या पहाटे चूल पेटवून गिरणीत जात आणि संध्याकाळी परत येऊन पुन्हा चूल पेटवीत. पुढे यंत्रे बदलली, पाळ्या वाढल्या, रात्रपाळीला बायकांना कायद्याने मनाई होती, आणि कापड धंद्यातील बायकांची संख्या घटत गेली. त्यांचे गिरणीतले काम गेले. चुलीचे गेले नाही.

बायकांच्या ह्याच हातांनी काही घरांचा उद्धारही केला, हे सांगितले नाही तर इतिहास अपुरा राहील. ज्या कोष्टी समाजाचे माग गिरण्यांनी आणि पुढे यंत्रमागांनी बसविले, त्या समाजाच्या घरगुती रश्शाला आज आपण सावजी म्हणतो. भाजलेले खोबरे, धने, दगडफूल, मिरी, लवंग, आणि जुन्या घरांतून जवसाचे तेल. धोटा थांबला तेव्हा पुष्कळ घरांनी गंजच धंद्याला लावला. मुंबईच्या गिरणगावातही तेच घडले. गावाकडून एकटे आलेले कामगार ज्या खाणावळवाल्या बायकांकडे जेवत, त्या सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांची संघटना बांधली, अन्नपूर्णा महिला मंडळ, आणि त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. मी कामगार संघटनेचा माणूस, पण कबूल करतो: स्वयंपाक हे काम आहे, त्याला दाम आहे आणि त्याची संघटना होऊ शकते, हे आम्हा पुरुष पुढाऱ्यांना त्या बायकांनी शिकविले.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. लँकेशायर, जेथे आपला कापूस जात असे, तेथेही गिरणी कामगारांचे एक प्रसिद्ध जेवण आहे: खोल मातीच्या भांड्यात मेंढीचे मांस, कांदा, वर आलूच्या चकत्या, आणि मंद भट्टीत दिवसभर ठेवून द्यावयाचे. फ्रान्समध्ये वसंतात कोकराचे मांस, कोवळे सलगम, गाजर आणि वाटाणे एकत्र शिजवितात. त्याला ते नावारँ म्हणतात. हंगेरीचा गुलाश हा गुराख्यांचा रस्सा. त्याच्या नावाचाच अर्थ गुराखी. गावरान मिरची आमची, असे आपण म्हणतो, तसेच हंगेरीचा माणूसही म्हणतो, आणि दोघांचीही मिरची अमेरिकेची. ज्या ज्या ठिकाणी आग एक आणि वेळ थोडा, त्या त्या ठिकाणी माणसाची बुद्धी ह्याच उपायाकडे गेली.

पण ह्या उपायाचा दुरुपयोग कसा होतो, त्याचेही एक उदाहरण देतो. १९३३ साली जर्मनीत हिटलरचे राज्य आल्यावर हिवाळ्यातल्या महिन्यांत एक रविवार 'एका भांड्याचा रविवार' म्हणून ठरविण्यात आला. सर्वांनी त्या दिवशी एका भांड्यातले साधे जेवण करावे आणि वाचलेले पैसे सरकारी मदतनिधीला द्यावे. पैसे गोळा करणारे दारोदार येत आणि कोण देत नाही ह्याकडे लक्ष ठेवीत. तेव्हा साधेपणाची शिकवण वरून येऊ लागली की आपण एकच विचारावे: सांगणाऱ्याच्या घरी आज किती भांडी चुलीवर आहेत?

त्याच जर्मनीत थोडे आधी, १९२६ साली, मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की नावाच्या स्थापत्यविशारद बाईंनी फ्रँकफुर्ट शहरातील कामगार वस्तीसाठी स्वयंपाकघर आखले. कारखान्यात मजुराच्या हालचाली मोजतात तशा त्यांनी गृहिणीच्या हालचाली हिशेबात घेतल्या आणि ओटा, फडताळे, मोरी अशी बसविली की पावले वाचावीत. आजचा आपला ओटाही त्याच विचाराचा नातेवाईक आहे. पण त्या स्वयंपाकघरात एकच माणूस मावत असे. बाईची पावले वाचली. पुरुषाला आत येण्यास जागा राहिली नाही. सोय करतानाही आपण काय गृहीत धरतो ते पाहण्यासारखे आहे.

आता कायद्याकडे एकदा परत येऊ. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने आठ तासांचा दिवस ठरविला, पण हिंदुस्थानाला त्यातून वगळून आठवड्याचे साठ तास दिले. १९२२ च्या कायद्याने तेच आले. १९३४ साली चोपन्न तास झाले. १९४६ साली अठ्ठेचाळीस. त्या काळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि ज्या नागपुरात पुढे १९५६ साली त्यांनी लाखोंना दीक्षा दिली, त्या नागपूरच्या कामगाराने हे तास त्यांचे देणे आहे हे विसरू नये. १९४८ च्या कारखाना कायद्याने ते पक्के केले. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह आणि पन्नासहून अधिक बायका असतील तेथे पाळणाघर, हेही त्याच कायद्याने आणले. साठ तासांतून अठ्ठेचाळीस. आठवड्याचे बारा तास. सहा दिवसांत वाटले तर रोजचे दोन तास. ते दोन तास म्हणजेच संध्याकाळचे जेवण.

आणि त्यानंतर अवजारे आली. वातीचा व पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह आला, तेव्हा चूल फुंकण्याचे वाचले. १९५९ पासून आपल्या देशात बनलेले प्रेशर कुकर मिळू लागले. वाफेवर दाब देऊन हाडे मऊ करण्याची ती युक्ती फ्रेंच माणूस पापँ ह्याने १६७९ सालीच शोधली होती, ती कामगाराच्या घरी येण्यास तीनशे वर्षे लागली. मग गॅस आला. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली, आणि ब्रॉयलर कोंबडीचा धंदा देशभर फोफावला. पूर्वी कोंबडा पाहुण्यासाठी कापला जाई. आता चिकन मटणाच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे आणि अर्ध्या तासात शिजते. आडवारी मांस खाणे कामगाराला शक्य झाले ते ह्या दोन गोष्टींमुळे: पक्षी स्वस्त झाला आणि आग चटकन पेटू लागली.

तेव्हा आज हे जेवण कसे करावयाचे? मी स्वतः करतो, म्हणून सांगतो. पाच माणसांना अर्धा किलो चिकन पुरे. हळद, मीठ, आले-लसूण लावून बाजूला ठेवावे आणि एक पेला तांदूळ भिजत घालावा. जाड बुडाच्या गंजात तीन चमचे तेल, त्यात तीन बारीक चिरलेले कांदे तांबूस होईपर्यंत परतावे. येथे घाई करू नये; सारा रंग आणि चव ह्या दहा मिनिटांत आहे. मग भाजलेले खोबरे, धने, दगडफूल, मिरी ह्यांचे वाटण आणि तिखट घालून तेल सुटेपर्यंत सराट्याने हलवावे. चिकन घालून स्वतःच्या पाण्यात पाच मिनिटे शिजू द्यावे. मग गरम पाणी. थंड पाण्याने मांस आखडते. भाजी एकदम टाकू नये. आधी आलूच्या फोडी, पाच मिनिटांनी बोटभर लांबीचा मुनगा आणि निथळलेला तांदूळ, त्यानंतर पाच मिनिटांनी वाटाणा आणि कोवळी वांगी. झाकण ठेवून आच मंद करावी. तांदूळ शिजला की वरून सांबार चिरून टाकावा. पाऊण तासात जेवण तयार, आणि घासावयास भांडे एक. मटण घ्यावयाचे असेल तर ते कुकरात आधी पाच-सहा शिट्ट्या देऊन घ्यावे. पण मग भांडी दोन झाली, हे घासणाऱ्याने लक्षात ठेवावे!

मी हे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकलो, आणि का शिकलो ते सांगून आपली रजा घेतो. एका रात्री द्वारसभा आटोपून उशिरा घरी आलो. त्या दिवशी एका कारखान्यात आम्ही ओव्हरटाइमचा दुप्पट दर मान्य करवून घेतला होता, आणि मी मोठ्या आनंदात होतो. जेवता जेवता बायकोला सांगत होतो की आठ तासांनंतरच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब मालकाकडून घेतला. ती तिसऱ्यांदा भाकर गरम करीत होती. म्हणाली, "तुमचे आठ तास तुम्ही मोजले. माहे कोनं मोजले?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. पण मोजणी पुढे झाली. केंद्र सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात दिसले की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवितात. पुरुषांपैकी चारातला एकच घरकामाला हात लावतो, आणि जो लावतो तो ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे पाच तास. कारखान्यात आठ तास भरून घरी येणाऱ्या बाईचा दिवस ह्या हिशेबाने तेरा तासांचा होतो. १९११ च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषाला बारा तासांहून जास्त राबविण्यास मनाई केली होती. ती मर्यादा आपल्या घरातल्या बाईपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

२०२५ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्याच्या दुरुस्तीस मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, मग बिघडले काय, असे विचारले जाते. बिघडते ते संध्याकाळी. बारा तास काम आणि जाण्यायेण्याचे दोन. अशा दिवशी हा गंज कोण चढविणार? पुरुष उशिरा आला तर बाई चढवील, असे आपण समजून चालतो. आणि बाईच उशिरा आली तर? आपल्या सभांत ह्या दुरुस्तीला विरोध होतो तो मजुरीच्या हिशेबाने. मी म्हणतो, तो गंजाच्या हिशेबानेही व्हावा, आणि तो मांडण्यास व्यासपीठावर बायका असाव्यात.

एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. तिचा भोंगा आता नाही. हुडकेश्वरच्या रस्त्याने संध्याकाळी कारखान्यांच्या बसेस येतात, त्यांतून पुरुष उतरतात तशा आमच्या लेकीबाळीही उतरतात. दोघेही सारखेच थकलेले असतात. घरी गेल्यावर एकजण पंख्याखाली बसतो आणि दुसरी ओट्याशी उभी राहते, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. म्हणून ते बदलण्यास विधानसभेची वाट पाहावयास नको.

ह्या वसंतात, मुनगा बाजारात आहे तोवर, माझ्या पुरुष बांधवांनी आठवड्यातून एक दिवस हा गंज स्वतः चढवावा. शिजल्यावर पळीही स्वतःच्या हाती घ्यावी, आणि पहिली बोटी कोणाच्या ताटात जाते ते पाहावे. माझ्या मायच्या ताटात ती कधी गेली नाही.